शिपायांचें जहाज कीं विमानांचें?

सप्टेंबर २०२० मध्यें 'विराट' हें जुनें जहाज मुंबई बंदरांतून ओढून समुद्रांत नेण्यांत आलें आणि गुजराथच्या किनाऱ्यावर अलंग येथें तें मोडीत निघालें. मुंबईकरांस हें जहाज विमानवाहू म्हणूनच ठाऊक होतें. १२ मे १९८७ पासून ६ मार्च २०१७ पर्यंत तें भारतीय आरमाराच्या सेवेंत होतें आणि गोव्यांत दाबोळी येथें तळ असलेल्या सी हॅरियर विमानांचें समुद्रावरील घर तेंच होतें. परंतु या जहाजाचें पूर्वायुष्य ज्यांस माहीत आहे, ते त्यास या एकाच नांवानें ओळखणार नाहींत.

१९५९ सालीं 'हर्मीस' या नांवानें तें ब्रिटिश आरमारांत दाखल झालें, तेव्हां तें पुरतें विमानवाहू जहाज होतें. विमानास वेगानें पुढें फेकणारें कॅटपुल्ट, उतरणाऱ्या विमानास अडविणाऱ्या तारा, सर्व कांहीं त्यावर होतें. १९७१ ते १९७३ या काळांत हीं साधनें काढून टाकण्यांत आलीं. डेकवर हेलिकॉप्टरें आलीं, पोटांत मरीन शिपायांची एक पलटण येऊन राहिली आणि शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविणें हें जहाजाचें काम ठरलें. पुढें कांहीं वर्षें तें पाणबुड्यांचा माग काढीत फिरलें. मग १९८१ सालीं डेकच्या पुढच्या टोकाला १२ अंशांचा चढ बांधून तें पुन्हां लढाऊ विमानांचें जहाज करण्यांत आलें.

एकाच सांगाड्यानें इतक्या वेळां धंदा बदलावा, यांत त्या काळच्या ब्रिटिश तिजोरीची ओढाताण जशी दिसते, तशी आणखीही एक गोष्ट दिसते. सैन्य उतरविणारें जहाज आणि लहान विमानवाहू जहाज यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. ती अजीबात पाडतां येईल काय, हा प्रश्न गेलीं पन्नास वर्षें निरनिराळ्या देशांच्या आरमारांत पुनःपुन्हां निघत आला आहे. सैन्यासाठीं बांधलेलें जहाज हातीं आहेच. त्यावरील हेलिकॉप्टरें उतरवून लढाऊ विमानें चढविलीं, तर अब्जावधि डॉलरांचें मोठें विमानवाहू जहाज न बांधतांच काम भागणार नाहीं काय? प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर किनाऱ्यावर उतरणाऱ्या शिपायाचें जगणें-मरणें अवलंबून असतें, आणि याची प्रचीति खुद्द 'हर्मीस'च्याच एका मोहिमेंत आली.

त्या मोहिमेकडे वळण्यापूर्वीं हीं दोन प्रकारचीं जहाजें परस्परांहून वेगळीं कशीं, तें पाहिलें पाहिजे. धक्क्यावरून पाहणारास तीं सारखींच वाटतात: वर सपाट डेक, उजव्या कडेला मनोऱ्यासारखी इमारत आणि डेकवर ओळीनें उभीं केलेलीं विमानें वा हेलिकॉप्टरें. फरक पोटांत आहे. सैन्य उतरविणाऱ्या मोठ्या जहाजाच्या मागच्या भागांत पाण्याच्या पातळीलगत एक गोदीच असते. टाक्यांत समुद्राचें पाणी घेऊन जहाजाचा मागचा भाग थोडा खालीं दबवितात, पाठीमागचा प्रचंड दरवाजा उघडतात आणि गोदींत पाणी शिरून तेथील सपाट बुडाच्या होड्या तरंगूं लागतात. रणगाडे, तोफा व मालमोटारी पोटांत घेऊन या होड्या तशाच बाहेर पडतात आणि किनारा गांठतात. गोदीच्या पुढें वाहनांचे मजले, त्यांवर सोळाशें-सतराशें शिपायांच्या निजण्या-जेवण्याची सोय, आणि जखमींसाठीं चांगलें मोठें इस्पितळ. इतकें सारें पोटांत घेतल्यावर विमानांच्या तेलास व बाँबगोळ्यांस जी जागा उरेल ती उरेल. उलट विमानवाहू जहाजाचें पोट म्हणजे विमानांचा तबेला, तेलाचें कोठार आणि दारूखाना. तेथें पाहुण्या पलटणीस जागा नसते.

वेगाची गोष्टही तशीच. अमेरिकेचीं 'निमित्झ' जातीचीं विमानवाहू जहाजें ३३३ मीटर लांब, सुमारे एक लाख टनांचीं आणि ताशीं ३० सागरी मैलांहून अधिक वेगानें धांवणारीं. वाऱ्यास सामोरें जाऊन जहाज असें धांवूं लागलें म्हणजे डेकवरून वाहणारा वारा विमानाच्या पंखांस आयताच उचल देतो. म्हणून वेग ही तेथें चैन नव्हे, गरज आहे. त्याच देशाचें 'अमेरिका' नांवाचें सैन्य उतरविणारें जहाज २५७ मीटर लांब व सुमारे ४५,००० टनांचें असून त्याचा वेग २२ मैलांच्या आसपास आहे. सैन्य वाहणाऱ्या ताफ्यास याहून घाई करण्याचें कारण सहसा पडत नाहीं.

असल्या मंदगति जहाजावरून लढाऊ विमान उडविण्याची कल्पना शक्य झाली ती हॅरियर विमानामुळें. या विमानाच्या 'पेगॅसस' इंजिनाला चार नळकांडीं असून तीं फिरवितां येतात. तोंडें मागें असलीं कीं विमान पुढें धांवतें. तोंडें खालीं वळविलीं कीं तोच झोत विमानास उचलून धरतो. तत्त्वतः हें विमान जागच्या जागीं उभें वर चढूं शकतें. पण बाँब व तेल यांचें पुरें ओझें घेऊन नव्हे. म्हणून तें डेकवर थोडेंसें धांवतें आणि मग नळकांडीं खालीं वळवितें. ब्रिटिश आरमारांतील डग टेलर या अधिकाऱ्यानें याहून सोपी युक्ति काढली. डेकचें पुढचें टोकच वर वळविलें, तर त्यावरून सुटलेलें विमान आधीं वरच्या दिशेनें फेकलें जातें आणि खालीं येऊं लागण्यापूर्वीं पुरेसा वेग मिळविण्यास त्यास कांहीं क्षण जास्त मिळतात. चढ म्हणजे नुसतें लोखंड. त्यांत हलणारा भाग एकही नाहीं. एवढ्या स्वस्तांत एवढा लाभ देणारी युक्ति आरमाराच्या इतिहासांत फार वेळां सुचलेली नाहीं. परत येतांना मात्र विमानास हलकें होऊनच यावें लागतें, कारण उभें उतरतांना त्याचा सगळा भार इंजिनाच्या झोतावर असतो. उष्ण हवेंत इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि तेव्हां न वापरलेले बाँब समुद्रांत टाकून हलकें होण्याची पाळी येई.

सैन्य उतरविणाऱ्या सपाट डेकच्या जहाजांचा जन्म खरें पाहतां उलट दिशेनें झाला होता. ६ नोव्हेंबर १९५६ रोजीं सुएझच्या झगड्यांत 'ओशन' व 'थीसियस' या दोन ब्रिटिश हलक्या विमानवाहू जहाजांवरून सुमारे चारशें मरीन शिपाई हेलिकॉप्टरांतून दीड तासांत पोर्ट सैदला उतरविण्यांत आले. लढाईंत हेलिकॉप्टरांतून किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा तो पहिलाच प्रसंग. विमानवाहू जहाज सैन्याच्या कामीं येतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. मग सैन्याचें जहाज विमानांच्या कामीं कां येऊं नये, हा उलटा प्रश्न ओघानेंच निघाला. अमेरिकन आरमाराचे तेव्हांचे प्रमुख एल्मो झुमवॉल्ट यांनीं तो गंभीरपणें विचारला. अटलांटिकमधून जाणाऱ्या मालवाहू तांड्यांस रशियन पाणबुड्या व दूर पल्ल्याचीं विमानें यांपासून राखण्यासाठीं थोडीं हॅरियरें व बरींच हेलिकॉप्टरें वाहणारें लहानसें, स्वस्त जहाज त्यांस हवें होतें. १९७२ ते १९७४ या काळांत 'ग्वाम' या सैन्य उतरविणाऱ्या जहाजावर हा प्रयोग करण्यांत आला. जहाज टिकलें, विमानें उडालीं. पण मोठ्या विमानवाहू जहाजांचे कैवारी अधिक वजनदार ठरले आणि योजना बारगळली. तिचे नकाशे मात्र वायां गेले नाहींत. त्यांवरूनच स्पेननें 'प्रिन्सिपे दे आस्तुरियास' हें आपलें विमानवाहू जहाज बांधलें आणि तें १९८८ पासून २०१३ पर्यंत वापरलें.

२ एप्रिल १९८२ रोजीं अर्जेंटिनानें दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटें बळकाविलीं. ब्रिटनपासून हीं बेटें सुमारे ८,००० मैलांवर. हाताशीं असलेला जवळांतला जवळ विमानतळ असेन्शन बेटावर, आणि तोही निम्म्या वाटेवर. तेव्हां ब्रिटिश ताफ्यास आकाशांतलें छत्र मिळणार होतें तें दोनच जहाजांवरून: 'हर्मीस' आणि त्याहून लहान 'इन्व्हिन्सिबल'. दोहोंवर मिळून आरंभीं सी हॅरियर विमानें अवघीं २० होतीं. ५ एप्रिल रोजीं 'हर्मीस'नें पोर्टस्मथ सोडलें, तेव्हां त्यावर विमानांच्या जोडीला मरीन शिपाई व त्यांस किनाऱ्यावर पोंचविणारीं हेलिकॉप्टरेंही होतीं. जहाज आपले दोन्ही धंदे बरोबर घेऊन निघालें होतें. रणभूमि जवळ येतां येतां त्यांतला एकच त्यास पतकरतां आला.

याचें कारण ४ मे रोजीं स्पष्ट झालें. समुद्रसपाटीलगत उडत आलेल्या अर्जेंटाइन विमानांनीं एक्झोसेट क्षेपणास्त्रें सोडलीं आणि त्यांपैकीं एकानें 'शेफील्ड' या विनाशिकेस गांठलें. २० खलाशी मृत्युमुखीं पडले. जहाजावरील रडारास क्षितिजाखालचें, पाण्याला चिकटून येणारें विमान दिसत नाहीं. पृथ्वीची गोलाई आड येते. रडार घेऊन उंच घिरट्या घालणारें टेहळणीचें विमान ताफ्यापाशीं असतें, तर हल्लेखोर दुरूनच दिसले असते. पण तसलें अवजड विमान उडण्यास कॅटपुल्ट लागतें, आणि ब्रिटनचें कॅटपुल्ट असलेलें शेवटचें जहाज 'आर्क रॉयल' १९७९ सालींच निवृत्त झालें होतें. लहान जहाजावर लढाऊ विमान चढवितां येतें; त्या लढाऊ विमानास डोळे देणारें विमान चढवितां येत नाहीं, हा धडा ब्रिटिशांनीं असा घेतला. मागाहून घाईनें दोन सी किंग हेलिकॉप्टरांवर रडार बसविण्यांत आलें; तीं दक्षिणेकडे निघालीं तेव्हां युद्ध संपलेलें होतें.

नौसेनानी सँडी वुडवर्ड यांच्यापुढें यापुढें एकच हिशेब होता. 'हर्मीस' बुडालें तर मोहीमच बुडाली. म्हणून दोन्ही विमानवाहू जहाजें बेटांच्या बरींच पूर्वेला, अर्जेंटाइन विमानांच्या पल्ल्याबाहेर ठेवण्यांत आलीं. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत इतरांनीं दिली. २१ मे रोजीं सान कार्लोसच्या अरुंद खाडींत सैन्य उतरूं लागलें. तें उतरविणारीं 'फीअरलेस', 'इन्ट्रेपिड' व 'कॅनबेरा' हीं जहाजें किनाऱ्याला लागून उभीं होतीं. त्यांस तेथें असल्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांच्यावर पहारा करणाऱ्या सी हॅरियरांचें घर मात्र दूर समुद्रांत होतें. निम्में तेल जाण्यायेण्यांत खर्ची पडे आणि खाडीवर घिरट्या घालण्यास थोडींच मिनिटें उरत. एक जोडी परतली आणि दुसरी अद्याप पोंचली नाहीं, अशा फटी पडत. त्यांतून अर्जेंटाइन विमानें आंत शिरत. त्या आठवड्यांत 'आर्डेंट', 'अँटेलोप' आणि 'कॉव्हेंट्री' हीं तीन लढाऊ जहाजें बुडालीं. हवाई झुंजींत एकही सी हॅरियर पडलें नाहीं, हें खरें आणि कौतुकास्पदही आहे. पण विमान अजिंक्य ठरलें म्हणून छत्र अखंड राहिलें, असें होत नाहीं.

२५ मे रोजीं 'अटलांटिक कन्व्हेयर' या जहाजावर क्षेपणास्त्र पडलें. हें तर युद्धनौकाही नव्हे. पेटाऱ्यांतून माल वाहणारें साधें व्यापारी जहाज. त्यावर तात्पुरता डेक करून हॅरियर विमानें दक्षिणेस आणलीं होतीं, आणि तीं आधींच इतरत्र उडून गेल्यामुळें वांचलीं. परंतु तीन अवजड चिनूक हेलिकॉप्टरें व सहा वेसेक्स हेलिकॉप्टरें जळून गेलीं, आणि १२ माणसें दगावलीं. सैन्यास पुढें नेण्याची सोय त्या एका दिवसांत नाहींशी झाली. मरीन व छत्रीधारी शिपाई पाठीवर ओझीं घेऊन दलदलींतून पायीं निघाले. मागाहून आलेल्या वेल्श गार्ड्स पलटणीस पुढें नेण्यास समुद्रमार्गाखेरीज उपाय नव्हता.

८ जूनचा दिवस या दृष्टीनें मुद्दाम लक्षांत घेण्यासारखा आहे. वेल्श गार्ड्सना घेऊन आलेलें 'सर गॅलाहाड' हें जहाज फिट्झरॉयच्या उघड्या खाडींत भर दिवसा उभें होतें आणि शिपाई अद्याप उतरावयाचे होते. 'हर्मीस' त्या दिवशीं बॉयलर साफ करण्यासाठीं आणखीच पूर्वेला गेलें होतें. किनाऱ्यावर लोखंडी फळ्या अंथरून हॅरियरांना तेल घेण्यापुरती एक पट्टी तयार केलेली होती. पण त्याच दिवशीं एक हॅरियर तेथें कोसळून ती निकामी झाली. अर्जेंटाइन स्कायहॉक विमानें आलीं तेव्हां त्यांस अडविणारें कोणी नव्हतें. 'सर गॅलाहाड'वर ४८ जण मेले. त्यांत ३२ वेल्श गार्ड्स होते. कित्येकजण भाजून विद्रूप झाले. उतरण्यांत झालेला विलंब, निरोपांचा घोटाळा अशीं दुसरींही कारणें या दुर्घटनेस आहेत आणि त्यांची चर्चा ब्रिटनमध्यें दीर्घकाल चालली. तथापि आकाश रिकामें होतें, ही गोष्ट त्यांत कोणी नाकारीत नाहीं.

या मोहिमेंत सैन्य उतरविणारें जहाज आणि विमानवाहू जहाज यांच्यांतील खरा विरोध उघडा पडला. तो जागेचा वा तेलाचा नव्हता. तो ठिकाणाचा होता. सैन्य उतरवावयाचें तर जहाज किनाऱ्याजवळ पाहिजे. विमानें सांभाळावयाचीं तर तें किनाऱ्यापासून दूर पाहिजे. दोन्ही कामें एकाच डेकवर सोंपविलीं, तर लढाईच्या ऐन दिवशीं त्या जहाजाच्या कप्तानानें कोठें उभें राहावें? ब्रिटिशांपाशीं निदान दोन प्रकारचीं जहाजें तरी होतीं.

पुढच्या काळांतील अमेरिकन अनुभव याच्या अगदीं उलट बोलतो असें प्रथमदर्शनीं वाटतें. १९९१ च्या इराणी आखातांतील युद्धांत 'नसाऊ' या सैन्य उतरविणाऱ्या जहाजावर २० हॅरियरें ठेवून कुवेतमधील इराकी फौजांवर हल्ले करण्यांत आले. २००३ सालीं इराकवरील स्वारींत 'बटान' आणि 'बॉनहोम रिचर्ड' या दोन जहाजांवर प्रत्येकीं वीसाहून अधिक हॅरियरें होतीं. खलाशी त्यांस थट्टेनें 'हॅरियर कॅरियर' म्हणत. प्रयोग यशस्वी झाला यांत शंका नाहीं. पण तो कां यशस्वी झाला, हें पाहिलें पाहिजे. इराकपाशीं समुद्रांत येऊन जहाज बुडवील असें विमानदळ उरलेलें नव्हतें. मोठीं विमानवाहू जहाजें टेहळणीच्या विमानांसह जवळच होतीं. आणि २००३ सालीं या जहाजांवरील शिपाई कुवेतमध्यें आधींच उतरलेले होते. डेक मोकळा होता म्हणून तो विमानांस देतां आला. मार्च २०११ मध्यें लिबियाच्या किनाऱ्यावर 'किअरसार्ज' हें जहाज होतें, तेव्हां एक अमेरिकन लढाऊ विमान कोसळलें. त्याच्या वैमानिकास सोडविण्यास याच जहाजावरून ऑस्प्रे विमानें गेलीं आणि वरून याच जहाजाच्या हॅरियरांनीं पहारा केला. थोडीं लढाऊ विमानें आणि बाकीचीं माणसें वाहणारीं, या मिश्रणाचा खरा उपयोग अशा प्रसंगीं दिसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत 'बटान'च्या हॅरियरांनीं येमेनमधील हूती बंडखोरांचीं वैमानिकरहित विमानें पाडलीं, तेंही याच जातीचें काम.

दरम्यान हॅरियरच्या जागीं एफ-३५बी हें नवें विमान आलें. याच्या वैमानिकाच्या मागें एक मोठा पंखा उभा बसविलेला असून इंजिनाचें शेपूट खालीं वळतें. या दोहोंच्या जोरावर तें उभें उतरतें. रडारास तें सहज दिसत नाहीं, त्याचे स्वतःचे 'डोळे' हॅरियरच्या मानानें फारच तीक्ष्ण आहेत, आणि त्यामुळें जुनी कल्पना नव्या जोमानें उचल खाऊं लागली. ११ ऑक्टोबर २०१४ रोजीं 'अमेरिका' हें जहाज सेवेंत दाखल झालें, त्यांत तर पोटांतली गोदीच गाळून टाकली होती. त्या जागेंत विमानांचा तबेला मोठा केला आणि तेलाचा सांठा पूर्वीच्या जहाजांच्या दुपटीहून अधिक झाला. त्याचें जोडीदार 'त्रिपोली'. त्यावर एप्रिल २०२२ मध्यें १६ एफ-३५बी विमानें एकाच वेळीं चढवून दाखविण्यांत आलीं. एरवीं अशा जहाजावर लढाऊ विमानें असतात तीं सहाच्या आसपास.

या योजनेच्या कैवाऱ्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. 'फोर्ड' या नव्या विमानवाहू जहाजास सुमारे १३ अब्ज डॉलर लागले. 'अमेरिका' जहाजास साडेतीन अब्जांच्या आसपास. मोठीं जहाजें ११ असावींत असें अमेरिकन कायदा सांगतो, पण त्यांतलीं कित्येक कोणत्याही वेळीं दुरुस्तीच्या गोदींत असतात. एखाद्या समुद्रांत मोठें जहाज नसेल, तर तेथें १६ लढाऊ विमानें असणें हें एकही नसण्यापेक्षां केव्हांही बरें. शिवाय शत्रूस एकाऐवजीं चार डेक शोधावे लागतील. पण १६ विमानें म्हणजे मोठ्या विमानवाहू जहाजाचा चौथा हिस्सा नव्हे. एफ-३५बी मध्यें पंख्यानें तेलाची जागा खाल्लेली आहे. कॅटपुल्टवरून उडणाऱ्या त्याच्याच भावंडाच्या सुमारे दोन-तृतीयांश तेल त्यांत मावतें, आणि पल्ला त्या मानानें आंखूड होतो. हवेंत तेल पाजणारीं विमानें व टेहळणीचीं विमानें या जहाजांवरून उडत नाहींत. आणि १६ विमानें चढविलीं म्हणजे शिपायांस वाहणारीं हेलिकॉप्टरें धक्क्यावरच राहतात. शिपाई पोटांत असतील, पण त्यांस उतरविणार कोण?

डेक मोकळा आहे म्हणजे तो विमानास चालेल असेंही नाहीं. या विमानाच्या खालीं वळलेल्या झोताच्या उष्णतेनें साधें डेक खराब होतें. त्यावर खास लेप द्यावा लागतो, आजूबाजूचीं उपकरणें हलवावीं लागतात. 'बॉनहोम रिचर्ड' या विमानासाठीं असें तयार होत असतां १२ जुलै २०२० रोजीं सान दिएगोच्या धक्क्यावर पेटलें, चार दिवसांहून अधिक जळत राहिलें, आणि दुरुस्ती परवडणार नाहीं म्हणून मोडीत काढावें लागलें.

इतर देशांची कथा थोडक्यांत सांगतां येते. स्पेननें २०१० सालीं 'हुआन कार्लोस' हें जहाज सेवेंत घेतलें. त्याच्या पोटांत गोदी आणि टोकाला चढ, दोन्ही आहेत. २०१३ नंतर स्पेनच्या हॅरियरांना दुसरें घरच उरलें नाहीं. याच नकाशावरून ऑस्ट्रेलियानें 'कॅनबेरा' व 'ॲडलेड' हीं दोन जहाजें घेतलीं. तीं चढासकट आलीं, पण त्यांवर लढाऊ विमान एकही ठेवलेलें नाहीं. विमानें घ्यावींत काय याचा विचार २०१४ सालीं झाला आणि सोडून देण्यांत आला. फिजींतील वादळांत आणि टोंगांतील ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर अन्नपाणी पोंचविण्यास हीं जहाजें धांवलीं. तेव्हां हेलिकॉप्टरें व गोदी यांचाच उपयोग झाला. तुर्कस्तानाची गत निराळी. त्याच नकाशाचें 'अनादोलू' त्यानें एफ-३५बी साठीं बांधावयास घेतलें. पण रशियाकडून विमानवेधी क्षेपणास्त्रें घेतल्यामुळें जुलै २०१९ मध्यें अमेरिकेनें त्यास त्या विमानाच्या योजनेंतून काढून टाकलें. जहाज बांधून होत आलेलें आणि विमान नाहीं! अखेर एप्रिल २०२३ मध्यें जहाज दाखल झालें आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याच्या चढावरून देशी बनावटीचें वैमानिकरहित टीबी-३ विमान उडवून पुन्हां उतरविण्यांत आलें. निरुपायानें निघालेली ही वाट कदाचित् सर्वांत दूर जाणारी ठरेल, कारण असल्या विमानास ना पंखा लागतो, ना फार तेल.

जपाननें 'इझुमो' व 'कागा' या जहाजांवर एफ-३५बी उतरविण्याची सोय केली आहे. परंतु तीं मुळांत पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांचीं जहाजें आहेत, सैन्य उतरविणारीं नव्हेत. त्यामुळें शिपायांच्या वाट्याचा डेक विमानांस देण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला नाहीं.

अमेरिकन मरीन दलांत मात्र तो राहिला, आणि त्याचा निकाल त्यांनीं स्वतःच दिला. गोदी नसलेल्या 'अमेरिका' व 'त्रिपोली' या जहाजांतून रणगाड्याएवढें जड वाहन किनाऱ्यावर नेण्याचा मार्ग नव्हता. हेलिकॉप्टर जें उचलील तेवढेंच उतरणार. दोनच जहाजें अशीं बांधून हात आंवरण्यांत आला. त्याच जातीचें तिसरें जहाज 'बूगनव्हिल' मिसिसिपी राज्यांतील पॅस्कागूला येथें बांधण्यांत आलें, त्यांत गोदी परत आणली आहे. तिच्यासाठीं विमानांची जागा व तेल कमी करावें लागलें, आणि गेलेली जागा थोडी भरून काढण्याकरितां डेकवरील मनोरा लहान करण्यांत आला. त्या गोदींत हवेच्या उशीवर चालणाऱ्या दोन होड्या मावतात.